शून्याची ओळ

कंधारच्या पंचायत समितीत, जिन्याखालच्या खोलीत
पंखा लावला की कॉम्प्युटर बंद पडतो,
म्हणून पंखा बंद.
एकोणीस गावांच्या वह्या टाइप करून
बोटांना शाईचा नाही, पेंडीचा वास येतोय
असं उगीच वाटतं.
आज एवढंच विचारायचं होतं त्याला :
प्रकारावरून गट पाड
आणि सांग, कोणत्या गटात किती.

एंटर.

शेळी तीन हजार चारशे बारा.
शेळि दोनशे सहा.
पुन्हा शेळी, अठ्ठावन्न,
हिच्या शेपटीला एक मोकळी जागा चिकटलेली,
डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसते.
बकरी एक्क्याण्णव.
यंत्राच्या लेखी ही चार जनावरं.
बकरी खाजामियाँ सरांच्या वहीतली,
त्यांच्या घरात तिला तेच म्हणतात, चूक कशी म्हणू?
तरी एकेकीचा कान धरून
सगळ्या एका कोंडवाड्यात घातल्या.

मग एक ओळ, जिला नावच नाही.
नुसती डावीकडे पोकळी
आणि उजवीकडे सदतीस.
उघडून बघितलं. सगळ्या मुंजाजीच्या वहीतल्या.
रकाना कोरा, आणि शेऱ्यात
बारीक अक्षरात, सदतीस वेळा :
पोटात.
गाभण गाई-म्हशींच्या पोटातलंही
मोजून आला होता तो.
नर की मादी, लाल कंधारी की गावरान,
आत्ताच काय लिहिणार, म्हणून सोडलेलं.
साहेब म्हणाले, डिलीट मारा, नाहीतर इतरमध्ये टाका.
मी हो म्हटलं
आणि चहाला गेले.

दुपारी नांदेडहून फोन.
मॅडम, मागच्या खेपेला गाढवं चार होती.
यंदा ओळच नाही. ओळ गेली कुठं?

कुठं गेली नव्हती. कुणी पुसली नव्हती.
जे उरलंच नाही त्याचा गट पडत नाही.
मोजायला निदान एक तरी लागतं.
शून्य आपल्या पायानं येत नाही यादीत,
त्याला आमंत्रण धाडावं लागतं.

पिराजी कुंभारांना फोन लावला.
कोण, हिरी? ती माघातच गेली की.
त्याच्या आधी दोन माळेगावच्या जत्रंत इकली.
आता भाच्याचा टेम्पो हाय, माती त्यातच यायली.
आणि चौथं, काका?
चौथं आमचं नव्हतंच वो.
मोजणारा आला तवा दारात उभं होतं.

मग उलटं केलं.
आधी डाव्या हाताला नावं मांडली,
दिल्लीच्या छापील फॉर्मातली, एकही न गाळता,
मग म्हटलं, ज्याचं जे असेल ते शेजारी येऊन बसा,
ज्याचं कुणी नसेल त्याच्यापुढे शून्य लिहा.

गाय आली, म्हैस आली, शेळी आली
(एकच, सगळी मिळून),
उंट शून्य,
खेचर शून्य,
याक शून्य. कंधारात याक!
एकटीच हसले.
त्याच्याखाली
गाढव शून्य.

दोन्ही शून्यं सारखीच गोल.
एक कधीच नव्हतं इथं,
दुसरं मागच्या पावसाळ्यापर्यंत
मन्याडच्या काठानं माती वाहत होतं.
रकान्याला त्यातलं काही कळत नाही,
आणि शेऱ्याचा रकाना अहवालात छापत नाहीत.

प्रिंट काढली. सही घेतली.
सदतीस अजून तशीच ठेवलीत, ना मारली, ना इतरमध्ये टाकली.
पेजच्या तळाशी, नाव नसलेली ओळ.
साहेबांनी एकूण बेरीज तेवढी बघितली.

आज सकाळी कुलूप काढतेय तोच मुंजाजीचा फोन :
मॅडम, त्या सदतीसातली नऊ बाहेर आली.
वही उघडा,
प्रकार सांगायलोय.